सूपभर कोंड्याची लेक

॥ श्री ॥

नानाखेडा, उज्जैन
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. ऋता हिस सुलूआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. चि. निखिललाही सांग, पण त्याच्या वाट्याचे जरा कमी. दिवाळीला येऊन जावईबापूंनी पोह्यांवरची शेव बोटाने बाजूला सारली, हे मी विसरलेले नाही.

हातात फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी रागवायला लागले की तुझं नेटवर्क जातं. पत्राला ती सोय नाही. शिवाय तुझे बाबा मधेच फोन ओढून घेतात आणि तुला उज्जैनचं हवामान सांगत बसतात. सहाव्या महिन्यातल्या मुलीला बापाने हवामान सांगावं का? पण सुधाकरला लहानपणापासून माया बोलता येत नाही, तो ऊन-थंडी बोलतो.

आता कामाचं. वखारे घराण्याचा कुलवृत्तांत निघतो आहे. ग्वाल्हेरचा सुहास संपादक झालाय, आणि उज्जैन शाखेचं प्रकरण माझ्या गळ्यात टाकलंय. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून त्याने मला इतिहास दिला. आपले मूळपुरुष गोपाळशेट चांदवडहून शिंद्यांच्या लष्करामागोमाग इथे आले, पेठेत वखार घातली आणि सरदारांच्या घरोघरी रेशीम पुरवलं, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण छापायचं तर आधार लागतो. तू मोडी शिकायला लागलीस तेव्हा मी हसले होते, की हिला स्वतःचं अक्षर वाचता येत नाही आणि ही पेशव्यांचं वाचणार. ते शब्द मागे घेते. पुण्याच्या दफ्तरात जाऊन गोपाळशेट शोधून काढ. जिने मात्र सावकाश चढ.

आणखी एक. मुलगी झाली तर बारसं इथेच, हे आत्ताच पक्कं. फ्रीगंजच्या नंदाला मी सांगून ठेवलंय, मान तिच्या घरचा. निखिलच्या घरी हे ठाऊक नसेल, तेव्हा त्याला नीट समजाव. आपल्या घरात मुली जगत नसत. म्हणून पाळण्यात घालायच्या आधी थोरली बाई मुलीला मागच्या दाराने बाहेर देते. बाहेर नंदाच्या घरची बाई सुपात कोंडा घेऊन उभी असते. मुलीची आई म्हणते, लेक विकायला काढली आहे, घेता का. ती कोंडा देऊन मुलगी घेते. मुलगी परक्याची झाली की काळाची नजर तिच्यावरून जाते. मग साडी-नारळ देऊन आपण तिला घरात आणतो. तुला मीच बाहेर दिलं होतं. तेव्हा नंदाची आई होती. तू इतका गळा काढलास, की हा सौदा आपल्याला महाग पडला असं ती म्हणाली.

हे घर बांधताना सुधाकरला त्या दाराच्या जागी वॉशिंग मशीन ठेवायचं होतं. मी ठेवू दिलं नाही. का ते आता कळलं असेल.

तुझी आई असती तर तिने डिंकाचे लाडू केले असते. मी केलेत, दाताला जपून खा. लोभ आहेच, तो लाडवांवरून मोजू नये.

तुझी,
सुलूआत्या

पुणे
दि. २० डिसेंबर २०२४

ती. सुलूआत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

लाडू पोचले. निखिलने एक खलबत्त्यात फोडला आणि मग त्याला आवडला. शेवेचं त्याने मनावर घेतलंय. रोज पोह्यांवर मूठभर घालून खातो आणि डोळे पुसतो.

आत्या, तुझे गोपाळशेट सापडले. पहिल्यांदा मला इतका आनंद झाला, की टेबलापलीकडच्या संशोधकबाईंनी माझ्या पोटाकडे बघून पाणी विचारलं. चांदवडकर गोपाळशेट वखारवाले, वस्ती उज्जैन, सगळं जुळतं. रेशीम होतं, तेही खरं. पण कागद रेशमाचा नाही. शेजाऱ्याने कमाविसदाराकडे, म्हणजे सरकारी वसुली अधिकाऱ्याकडे, केलेली फिर्याद आहे. तो म्हणतो, दुष्काळात गोपाळशेट खेड्यापाड्यांतून पोरी विकत आणतो, मागल्या दाराने वखारीत घेतो, आणि पुढे सरदारांच्या घरी बटकी म्हणून विकतो. त्यांच्या रडण्याने भिंतीपलीकडे जेवण जात नाही. कमाविसदाराने चौकशी केली आणि गोपाळशेट दोषी ठरले. कशाबद्दल, सांगू? पोरींवरची जकात चुकवली म्हणून. जकात भरली असती तर काहीच नव्हतं.

बटीक म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दळण, पाणी, धन्याची मर्जी, आणि तिची मुलंही त्याच घरची. मी तो कागद परत परत वाचला, माझीच मोडी कच्ची असेल या आशेने. शेवटी त्या बाईंना दाखवला. त्यांनीही तेच वाचलं.

तेव्हापासून मला ते मागचं दार काही सुचू देत नाही. आत्या, लेक विकायला काढली आहे हे वाक्य आपल्या घरात कुठून आलं असेल? तू रागावशील हे माहीत आहे आणि या वेळी नेटवर्कही नाही. पण मुलगी झाली तर मी ते म्हणणार नाही. बारसं इथेच करू. आमच्या फ्लॅटला मागचं दार नाही, फक्त लिफ्ट आहे, आणि ती बहुधा बंद असते.

बाबांना सांग, इथे थंडी बरी आहे. राग उतरला की उत्तर पाठव, उतरला नाही तरी पाठव.

तुझी लाडकी (होते ना?),
ऋता

॥ श्री ॥

नानाखेडा, उज्जैन
दि. २ जानेवारी २०२५

चि. सौ. ऋता हिस आशीर्वाद. अनेक आहेत, उत्तम आहेत, पण आज लिहिताना हात जड आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी म्हटलं, पुण्याच्या लोकांना उज्जैनचं काही चांगलं सापडायचंच नाही. मग म्हटलं, गोपाळशेट काय एकच झाला? मग चांदवडकर हा शब्द पुन्हा वाचला आणि माझा वाद संपला. सुधाकरला पत्र वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला आणि आल्यावर म्हणाला, उद्या धुकं पडणार.

त्या पोरींचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. माझ्या वर्गात जेवढ्या मुली बसून गेल्या, तेवढ्या सगळ्या डोळ्यांपुढून गेल्या. पण त्या कोंड्याचा या पापाशी काय संबंध? तू दोन गोष्टींची मोट बांधते आहेस. आणि बारसं लिफ्टमध्ये करायचं म्हणतेस, त्यावर मी हसणार होते, पण हसू आलं नाही. का, ते आता सांगते. सुधाकरने तुला कधी सांगितलं नसणार.

आम्ही दोघंच नव्हतो. आम्हाला उषा नावाची धाकटी बहीण होती. माझे वडील सुधारक विचारांचे. माझ्या वेळी त्यांचं आजीपुढे काही चाललं नव्हतं, उषाच्या वेळी आजी नव्हती. त्यांनी सांगितलं, माझ्या घरात मुली विकायच्या नाहीत, खोट्याखोट्यासुद्धा. नंदाची आई सूप घेऊन आली होती, तिला दारातून परत पाठवलं. उषा दोन वर्षांची झाली, बोलायला लागली होती, मला छुलू म्हणायची, आणि तापाने गेली. वडील पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. मी आठ वर्षांची होते. मोठी झाल्यापासून या घरात जी जी मुलगी जन्मली तिला मी स्वतःच्या हाताने बाहेर दिली आहे, आणि सगळ्या जगल्या. तूसुद्धा.

मी शिकलेली आहे, पृथ्वी गोल आहे हे मीच शिकवत आले. पण मला भीती वाटते, ऋता. तुझ्या बाळाच्या बाबतीत मला शहाणपणा करायचा नाही. एवढं एक माझं ऐक.

सांभाळून राहा. तुझी थट्टा करायची ताकद मला लवकर परत येवो, असा आशीर्वाद या वेळी मलाच हवा आहे.

सुलूआत्या

पुणे
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. सुलूआत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि. फोनवर सगळं कळलंच आहे, तरी रीत म्हणून लिहिते. तुझी नात गेल्या शनिवारी आली. नाक बाबांचं, आवाज तुझा. नर्स म्हणाली, ही बाळ कमी आणि हेडमास्तरीण जास्त वाटते. मी म्हटलं, आमच्याकडे चालत आलंय ते.

बाबा दोन दिवस राहून गेले. तिला मांडीवर घेऊन त्यांनी तिला पुण्याचं कमाल आणि किमान तापमान सांगितलं. मी उषाआत्याचं नाव काढलं. ते बराच वेळ बाळाची मूठ उघडत बसले आणि म्हणाले, त्यांना तिचा चेहरा आठवत नाही, फक्त तिची वाटी आठवते. मला रडू आलं. आत्या, इतकी वर्षं तू हे एकटीने धरून बसलीस आणि आम्ही तुला हेकट म्हणत राहिलो.

पण आता माझीही अडचण ऐक. तिला छातीशी घेतलं की मला ती फिर्याद आठवते. ज्यांच्या पोरी त्या दाराने आत गेल्या, त्यांनाही असंच दूध आलं असेल. त्यांनी कोणाला तरी हे खरोखर म्हटलं असेल, की विकायची आहे, घेता का. ते वाक्य मी गंमत म्हणून कसं उच्चारू? माझी जीभ उचलणार नाही. आणि तू घाबरलेली असताना मी न येणं, तेही मला जमणार नाही.

एक विचारते. मुलगी विकत घ्यायचा मान नंदामावशीच्याच घराला का? नातं नाही, जात वेगळी, राहणार फ्रीगंजला. तू कधी विचारलं आहेस का? मी तर मानकरी आहेत एवढं ऐकून मोठी झाले. आता तिला विचार. महाशिवरात्रीची गर्दी ओसरली की जा, ऑटोवाल्यांशी भांडू नकोस.

बाळ उठलं. तिचा लोभ दर दोन तासांनी असतो, माझा कायमचा आहे.

ऋता

॥ श्री ॥

नानाखेडा, उज्जैन
दि. ४ मार्च २०२५

चि. सौ. ऋता व चि. बाळी (नाव ठेवेपर्यंत हेच) यांस अनेक उत्तम आशीर्वाद. निखिलला पूर्ण माप. दुपटी त्याने धुतली असं ऐकलं.

नंदाकडे गेले. ऑटोवाल्याशी भांडले. नंदा बँकेतून निवृत्त झाली तरी समोरचा माणूस कर्ज मागायलाच आलाय अशा नजरेने बघते. चहा झाला, आणि मी विचारलं. ती आधी हसली. म्हणाली, देखो सुलूताई, आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लाजेने बोलत नाही.

त्यांच्या घरात सांगतात ते असं. दुष्काळात गोपाळशेटांच्या माणसांनी देवासकडच्या एका खेड्यातून एक पोर आणली. बापाने ज्वारीसाठी दिली. तिची आई, नंदाच्या घरची मूळ आजी, तेव्हा माहेरी होती. ती परत आली तर पोर नाही. विचारत विचारत ती उज्जैनला पोचली आणि वखारीच्या मागल्या दाराशी बसली. द्यायला जवळ काही नव्हतं, कांडणाऱ्या बायकांकडून मागून घेतलेला सूपभर कोंडा तेवढा होता. त्या साली लोक कोंडाही खात होते. तो पुढे करून ती म्हणाली, माझी लेक मला विका. गोपाळशेट हसले म्हणतात. पण त्यांच्या बायकोने तो कोंडा पदरात घेतला आणि पोर बाहेर दिली. पुढे तिला स्वतःला मुलगी झाली, तेव्हा तिने त्याच बाईला बोलावून घेतलं, आपली लेक त्याच दाराने तिच्या हातात ठेवली, आणि घरादाराला सांगितलं, की हिने परत दिली तर ही आपली.

म्हणजे बघ. आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत होतो की आपण काळाला फसवतोय. काळाचा यात काही संबंधच नाही. आणि साडी-नारळ देऊन आपण मुलगी सोडवून आणतो असं मी तुला लिहिलं, तेही चूक. नंदा म्हणाली, साडीवर परत देत नाही आम्ही, साडी मिळाली नसती तरी दिलीच असती. कोंड्याने ती आमची होते, आणि मग आम्ही ती तुम्हाला देतो. आपल्या त्या आजीचं नाव वंशावळीत नाही, गोपाळशेटांपुढे नुसतं ‘पत्नी’ लिहिलंय. बाकीच्या पोरींचं काय झालं, तेही विचारलं. नंदा म्हणाली, एकीच्या आईला दार सापडलं.

उठता उठता मी उषाचं काढलं. काढणार नव्हते. नंदाला सगळं माहीत होतं. तिची आई त्या दिवशी सूप घेऊन परत गेली ती रडत गेली, आणि उषा गेल्यावर पुन्हा रडली. पण ती म्हणायची, ताप तो ताप. नंदा मला म्हणाली, सुलूताई, इतक्या पोरी त्या दाराने आणून विकल्या, तरी तुमचं घर नांदतं राहिलं. तेव्हा ज्याचा कोप झाला नाही त्याचा एका सूप कोंड्यासाठी दोन वर्षांच्या पोरीवर होईल का? मी तिथेच तिच्या सोफ्यावर रडले. तिने दुसरा चहा ठेवला आणि माझी पाठ थोपटत नवऱ्याला नमकीन आणायला पिटाळलं.

तेव्हा आता माझी भीती मी मागे घेते, बाळीच्या पायात अडकवत नाही. यायचं की नाही, काय म्हणायचं, तू ठरव. लिफ्ट चालू असेल तर मीच येते पुण्याला. तू दोन्हीकडून माझीच आहेस, हे गृहीत धरून चालावे.

सुलूआत्या

पुणे
दि. २ एप्रिल २०२५

ती. सुलूआत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि. सुखरूप पोचलो. चि. भार्गवी गाडीत इंदूरपासून पुण्यापर्यंत झोपली आणि घरी आल्यावर जागी झाली.

बारशाला मी जो तमाशा केला त्याची माफी मागायला हे पत्र. निघायच्या गडबडीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही, आणि नंदामावशीकडे तर बघायचीही लाज वाटली. मी येताना सगळं ठरवून आले होते. विकायचं वाक्य म्हणायचं नाही, नुसतं म्हणायचं की लेक तुमच्या हाती देते. तसं म्हटलं. तू तिला बाहेर दिलीस, नंदामावशीने कोंडा तुझ्या पदरात ओतला, भार्गवीला घेतलं. इथवर ठीक. मग ती पाठ फिरवून चालायला लागली. मला वाटलं, दोन पावलं जाऊन वळेल. ती गल्लीच्या टोकाच्या वळणापर्यंत गेली. भार्गवीचं टोपडं दिसायचं बंद झालं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. कोणीतरी हसत म्हणत होतं की येतील हो परत. मला माहीत होतं की येईल. बँकेची मॅनेजर, फ्रीगंजला घर, पळून कुठे जाणार? पण पायांना ते माहीत नव्हतं. निखिल म्हणतो, मी तुझ्या अंगावरून गेले. वळणावर ती भार्गवीला घेऊन उभीच होती. काही न बोलता माझ्या हातात दिलं. मी तिच्यासमोर इतकी रडले की भार्गवी घाबरून गप्प झाली.

शिकल्यासवरल्या बाईने असं करावं का? नंदामावशीला माझ्यातर्फे सॉरी सांग. आणि तुझ्या पैठणीचा काठ गल्लीतल्या शेणात गेला, तो निघाला का?

रागाची अपेक्षा आहे, लोभाची खात्री आहे.

ऋता

॥ श्री ॥

नानाखेडा, उज्जैन
दि. ११ एप्रिल २०२५

चि. सौ. ऋता व चि. भार्गवी यांस अनेक उत्तम आशीर्वाद. निखिललाही, आणि त्याच्यासाठी शेवेचा पुडा पाठवते आहे.

काठ निघाला नाही. मी ती पैठणी तशीच घडी घालून ठेवली आहे, भार्गवीला देईन आणि तिची आई किती धावू शकते ते सांगेन. शाळेच्या स्पर्धेत तू लिंबू-चमच्यातही शेवटी यायचीस. माझा खांदा दोन दिवस दुखला, कळावे.

उज्जैन शाखेचं प्रकरण लिहून ग्वाल्हेरला धाडलं. सुहासचा लगेच फोन आला, की गोपाळशेटांना वस्त्रव्यापारी एवढंच म्हणू, बाकीचं कशाला, मुलांची लग्नं व्हायची आहेत. मी म्हटलं, जे आहे ते छाप, नाहीतर उज्जैन शाखा गाळून टाक, आम्ही माळव्याच्या नकाशात आहोत तेवढं पुरे. दोन दिवस रुसला आणि छापतो म्हणाला. सुधाकरने मुद्रितं तपासली. आमच्या भावंडांत उषाचं नाव त्याने स्वतःच्या अक्षरात घातलं, आणि त्या दिवशी हवामानाचं एक अक्षर काढलं नाही.

तुझं सॉरी पोचवायला मी काल नंदाकडे गेले होते. ती म्हणाली, कसलं सॉरी. मग मी तिला विचारलं, की इतक्या मुली तुझ्या आईने घेतल्या, पुढे तू घेतल्यास, पण दारापासून पुढे पाऊल कधी टाकलं नाहीत. या वेळी वळणापर्यंत का गेलीस? नंदाने कप खाली ठेवला. म्हणाली, दर वेळी तुम्ही सगळे दारात हसत उभे असता. मुलगी परत येणारच, हे धरून. या वेळी तुम्हाला खरी गोष्ट कळली होती, तर मला बघायचं होतं, कोणी मागे येतं का. ऋता आली, अनवाणी, केस सुटलेले, कोणाची पर्वा न करता. तिला तसं येताना बघितलं आणि वाटलं, आमची ती आजी अशीच आली असणार.

यावर तू उत्तरात काही लिहू नकोस, नुसती भार्गवीची खुशाली कळव. आमचा जीव तिच्यात आहे, तो तिथेच असू द्यावा.

तुझी,
सुलूआत्या